पिवळ्या पट्टीच्या पलीकडे

“मनुष्यजातीचा सगळा इतिहास घाईनं उतरणाऱ्यांच्या चुकांनी भरलेला आहे,” शालीकरामजींनी धक्क्यावरून जाहीर केलं आणि वाक्याला वजन यावं म्हणून क्षणभर डोळे मिटले. उघडून पाहतात तो बोटीतले निम्मे प्रवासी उतरून चहाच्या टपरीकडे चालायलाही लागले होते.

कवळीटोल्याच्या तलावावर हे नेहमीचंच होतं. बोदलकशाला लोक गाड्या भरभरून जातात, नागझिऱ्याला तर कुठून कुठून येतात, मग आपल्याच तलावानं कोणाचं काय घोडं मारलंय, असा विचार करून गावानं एक पर्यटन समिती काढली होती. समितीनं फायबरची एक मोटरबोट घेतली, सिमेंटचा धक्का बांधला आणि पर्यटकांची वाट पाहायला सुरुवात केली. पर्यटक रविवारी येत, तेही फोटो काढण्यापुरते. बाकीचे दिवस बोट गावकऱ्यांच्या कामी यायची. गोरेगावची एस.टी. तलावाच्या पलीकडच्या काठाला थांबते. तिथून माणसं आणायची, तिथं माणसं सोडायची.

अध्यक्ष कोणाला करायचं यावर वाद झाला नाही. शालीकरामजी एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पाण्याचा अनुभव म्हणाल तर पावसाळ्यात गाडीच्या गळक्या टपाखाली छत्री उघडून तिकिटं फाडली होती तेवढाच. पण त्यांच्याकडे स्वतःची शिट्टी होती.

त्यांनी काम मनावर घेतलं, हे मान्य केलं पाहिजे. धक्क्यावर पाटी लागली. बोट बांधल्याशिवाय जागेवरून उठू नये. हात-पाय बोटीबाहेर काढू नयेत. बोट हातानं किंवा पायानं अडवू नये. काठावरच्यांनी पिवळ्या पट्टीच्या मागेच उभं राहावं. ही पिवळी पट्टी त्यांनी स्वतः उन्हात बसून रंगवली होती. धक्क्याच्या कडेला जुने टायर बांधून घेतले, म्हणजे बोट टेकली तरी दणका बसू नये. नियम सगळे बरोबर होते. चुकीचा एकही नव्हता, आणि पुढच्या गोष्टीतली खरी पंचाईत तीच आहे.

नियमाच्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नसत. भाजी विकून परतणाऱ्या सुलोचनाबाई एकदा बोट टेकायच्या आत टोपली घेऊन उभ्या राहिल्या. शिट्टी वाजली.

“सुलोचनाबाई, बसा!”

“बसूनच तं होती. आता गाव आलं ना जी.”

“गाव आलं, पण बोट बांधली नाही.”

“अजी कंडक्टर, तुमच्या मिशा फुटायच्या आधीपासून म्या डोंग्यातून उतरून राहिली.”

“डोंग्यातून उतरा, नाहीतर आंब्यावरून उतरा. अथी बोट बांधल्याशिवाय उठायचं नाही. हेमराज, बोट मागं घे!”

आणि खरोखरच त्यांनी बोट मागे न्यायला लावली, सगळ्यांना खाली बसवलं आणि पुन्हा नीट किनाऱ्याला आणवलं. बोट चालवणारा हेमराज मासे धरणाऱ्या ढीवराचा पोरगा, आता बाप झालेला, पण गावासाठी पोरगाच. तो काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे. “हो काकाजी” म्हणायचा आणि मोटर सुरू करायचा. सुलोचनाबाई मात्र टोपली मांडीवर घेऊन गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “एक डाव यायच्या घरचा पाहुना येऊ द्या या बोटीतून. मंग पाहू!”

पाहुणा आला.

शालीकरामजींची मुलगी प्रेरणा. तिचं पलीकडच्या एका गावच्या चंद्रकुमारशी जुळत आलं होतं. पोरगी पसंत, पोरगा पसंत, राहिलं होतं ते पोराच्या वडिलांनी, टेकचंदजींनी, घरी येऊन शब्द देणं. होणाऱ्या व्याह्याला गावात इवाई म्हणतात, आणि इवाई म्हणजे काय चीज असते हे ज्याच्या घरी लग्नाची पोरगी आहे त्यालाच विचारावं.

त्यात थैलीची भानगड. इवाई दारात आला, की त्याच्या हातातली थैली आधी आपल्या हातात यायला हवी. पाय धुवायचं पाणी त्यानंतर. यजमानानं थैली मागायची. पाहुण्यानं “राहू द्या जी” म्हणायचं. यजमानानं ओढायची, पाहुण्यानंही ओढायची. पहिल्या झटक्यात देणारा पाहुणा हलका ठरतो आणि दुसऱ्या झटक्यात सोडून देणारा यजमान कोरडा ठरतो. शालीकरामजींच्या थोरल्या भावाच्या पोरीचं जमता जमता मोडलं, ते याच्यावरून. पाहुणे परत जाऊन म्हणाले, “अजी, कोनी थैलीबी धरली नाही.” बस्स. एवढंच.

“थैली विसरू नका,” सुमनबाईंनी नवऱ्याला सकाळपासून बजावलं होतं.

“मी कसा विसरीन?” शालीकरामजी म्हणाले.

रस्त्यानं फेरा पडतो, मोटरसायकलनं येऊ नका, बोटीनंच या, असा निरोप त्यांनीच धाडला होता. इवायांना धक्का दिसावा, पाटी दिसावी, शिट्टी ऐकू यावी, ही इच्छा त्यामागे नव्हती असं म्हणता येणार नाही. धक्का बघायला ते सकाळीच गेले आणि टायरांकडे पाहून त्यांचं मन खट्टू झालं. जुने, काळे, एकाला तर शेवाळ धरलेलं. ते त्यांनी सोडून बाजूला ठेवले आणि त्या जागी झेंडूची माळ लावली.

“काकाजी, टायर काऊन काढले?” हेमराजनं विचारलं.

“आजच्या दिवस. इवाई येऊन राहिले. टायरच्या दुकानात उतरवायचं का त्यायले?”

“हो काकाजी,” हेमराज म्हणाला.

दुपारी बोट आली. वारा होता, पण फार नाही. टेकचंदजी पुढेच बसले होते, इस्त्रीचा सदरा, मांडीवर फुगलेली थैली. त्यांच्या मागे सुलोचनाबाई, रिकामी टोपली घेऊन. हेमराजनं मोटर बंद केली, बोट सरकत सरकत आणली, पुढचा दोर खुंट्याला टाकला. मागचा अजून हातातच होता.

शालीकरामजी पिवळ्या पट्टीच्या मागे उभे होते. तिथेच त्यांनी राहायला हवं होतं.

“राम राम इवाईजी!”

“राम राम जी, राम राम!”

“द्या जी थैली.” ते पट्टीवर आले.

“राहू द्या जी.”

“असं कसं जी!” ते पट्टीच्या पलीकडे गेले, वाकले आणि त्यांनी थैलीचा एक बंद धरला.

“हलकीच आहे जी!” टेकचंदजी दुसरा बंद धरून उभे राहिले.

“मले पाप लावता का जी?”

“तुमी कायले तरास घेता जी?”

मागून सुलोचनाबाई म्हणाल्या, “अजी, बांधली नाही अजून!” पण ओढाओढ अशा टप्प्यावर आली होती, की दोघांपैकी जो आधी सोडील त्याचं खानदान उघडं पडणार होतं. शालीकरामजींनी ओढलं. टेकचंदजींचा एक पाय धक्क्यावर आला. दुसरा बोटीत होता. बोटीला कोणाच्या खानदानाशी घेणं नव्हतं. पायाचा रेटा बसताच ती मागे सरकली. टेकचंदजींचे पाय दोन दिशांना निघाले, त्यांच्या तोंडून “ओ जी, ओ जी” असा आवाज आला आणि ते शालीकरामजींच्या गळ्यात पडले. बोटीतला पाय सुटला आणि धक्क्याच्या कडेवरून खाली लोंबला.

इथवर हे हसण्यासारखं होतं. टपरीवरचे दोघं हसलेही.

मग पुढचा दोर ताणला गेला, वाऱ्यानं साथ दिली आणि बोट तशीच्या तशी परत फिरली. झेंडूच्या माळेवर, जिथे सकाळपर्यंत टायर होता. मध्ये टेकचंदजींची पोटरी होती. शालीकरामजींना ते दिसलं. सगळं स्पष्ट दिसलं. पण दोन्ही हात गुंतलेले, एकात इवाई, एकात थैली.

हेमराजनं मागचा दोर सोडला, पुढे झेपावला आणि बोटीची कड आणि सिमेंट यांच्यामध्ये आपला पंजा घातला.

आवाज मोठा नव्हता. वाळली फांदी पायाखाली यावी इतकाच. टेकचंदजींचा पाय वर ओढून घेतला गेला, ओला, चप्पल गेलेली, पण शाबूत. हेमराज बोटीत खाली बसला आणि हात पोटाशी धरून पुढे वाकला.

टेकचंदजी भानावर आले ते संतापून. माणूस घाबरला की आधी त्याला कोणावर तरी ओरडायचं असतं. “असा कसा बोटवाला आहे जी तुमचा? धडक मारते का पाहुण्याले? माया पाय गेला असता ना!”

सगळे शालीकरामजींकडे पाहू लागले. एका वाक्याचं काम होतं. “इवाईजी, चुकी माझी आहे.” ते वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलंही होतं. पण डोळ्यांसमोर प्रेरणा आली, भावाची पोरगी आली, थैली आली, आणि इतकी वर्षं गर्दीवर ओरडून तयार झालेल्या आवाजात भलतंच वाक्य बाहेर पडलं:

“हेमराज! कितीदा सांगितलं तुले, बोट हळू लावत जा!”

हेमराजनं वर पाहिलं. गमछा हाताला गुंडाळत होता, त्यातून लाल रंग बाहेर येत होता.

“हो काकाजी,” तो म्हणाला.

सुलोचनाबाई जागच्या हलल्या नाहीत. बोट कोणीतरी बांधली, लोक उतरले, हेमराजला मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं, तरी त्या टोपली मांडीवर घेऊन बोटीतच बसून होत्या. शालीकरामजींकडे पाहत.

थैली मात्र वाचली होती. तिच्यात साडी होती, नारळ होता आणि पेढे होते. सगळं कोरडं.

जेवण उत्तम झालं. चिन्नोरचा भात, कोंबडीचा रस्सा. टेकचंदजी खुलले आणि प्रत्येक घासागणिक हेमराजचा गुन्हा वाढत गेला. आधी त्यानं धडक मारली होती, मग तो भरधाव आला होता, ताकापर्यंत पोचेस्तोवर तो बहुतेक पिऊन होता.

“तुमी अध्यक्ष ना जी? मंग काढून टाका त्याले. उद्या कोनाचा जीव जाईन.”

“हो जी,” शालीकरामजी म्हणाले. “मंगळवारी बैठक आहे.”

शब्द मिळाला. प्रेरणा पाया पडली. शालीकरामजींनी पेढा तोंडात घातला आणि तो बराच वेळ तिथेच फिरत राहिला.

पाहुणे रस्त्यानं परत गेल्यावर सुमनबाईंनी भांडी आवरता आवरता एवढंच विचारलं, “तुमी पट्टीच्या अलीकडे होते का पलीकडे?”

“आता ते कायले?”

“काही नाही. इचारलं.” आणि त्यांनी पातेलं जरा जोरात ठेवलं.

हेमराजच्या पंजाची हाडं मोडली होती. कोपरापर्यंत प्लास्टर. बोट दुसरा एकजण चालवू लागला. शालीकरामजी धक्क्यावर जात, पण शिट्टी खिशात असायची. पाटीकडे पाठ करून उभं राहायची त्यांना सवय लागली. पाटीनं तरी काय करावं? त्यांच्याच अक्षरातली होती ती. टायर त्यांनी स्वतःच पुन्हा बांधले, कोणी पाहत नसताना, एखादी चोरीची वस्तू परत ठेवावी तसे.

सुलोचनाबाईंनी तर छळ मांडला. बोट लागायची, पुढून बांधायची, मागून बांधायची, सगळे उतरून जायचे, या बसलेल्या.

“उतरा ना सुलोचनाबाई,” ते हळू आवाजात म्हणत.

“नाही जी. नियम मंजे नियम. पक्की बांधली का पाहा अजून एक डाव.”

“बांधली.”

“तुमी पट्टीच्या मागं उभे राहा मंग. म्या भेतो तुमाले.”

मंगळवारी सकाळी त्यांनी टेकचंदजींना फोन लावला. लावण्याआधी अंगणात फेऱ्या मारल्या, दोनदा फोन खाली ठेवला. लग्न मोडलं तर पोरीला काय सांगायचं तेही ठरवलं. मग एका दमात सगळं सांगितलं. पट्टी आपण ओलांडली, थैली आपण ओढली, टायर आपणच काढले. हेमराजनं हात घातला नसता तर तुमचा पाय राहिला नसता.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“आता सांगता का जी?” टेकचंदजी म्हणाले. “म्या तं गावभर सांगून बसलो, बोटवाल्यानं धडक मारली म्हनून. आता कोना-कोनाच्या घरी जाऊ?”

“माझ्यामुळं झालं जी.”

“थैली म्या बी नाही सोडली म्हना,” टेकचंदजींचा आवाज खाली आला. “पन हे पोराले नका सांगू. बाकी लग्नाची तारीख तेवढी लवकर कळवा.”

फोन बंद झाला. शालीकरामजी तुळशीजवळ उभे राहिले. लग्न मोडेल म्हणून त्यांनी हेमराजला पुढे ढकललं होतं; आणि लग्नाला धक्काही लागला नव्हता. लागणारच नव्हता. मोडलं असतं तर निदान काही किंमत मोजली असं वाटलं असतं. हे तर फुकटातच झालं होतं, सगळं हेमराजच्या हातावर.

बैठकीत सचिव चंद्रशेखर तयारीनंच आला होता. “अध्यक्ष साहेबांच्या इवायांसोबत जे घडलं त्याचा आपण निषेध करतो. हेमराजनं स्पष्ट नियमभंग केला. बोट हातानं अडवू नये, असं पाटीवर लिहून आहे. त्यानं अडवली. त्याले कमी करावं, असा माझा प्रस्ताव आहे.”

माना हलल्या. नियम पाहिला तर खरोखर तो एकट्या हेमराजनंच सगळ्यांदेखत मोडला होता. बाकीच्यांचे गुन्हे सौजन्यात मोडत होते.

शालीकरामजी उभे राहिले. जे फोनवर सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं, टायरासकट. शेवटी म्हणाले, “आणि त्याचा हात मोडल्यावर मी त्यालाच रागावलो. हे सगळ्यात वाईट.”

एक म्हातारा सभासद डोळे पुसत म्हणाला, “पाहा. याले म्हनते मोठेपना.”

“काय?”

“दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊन राहिले!”

“अरे बाबांनो, घेऊन नाही राहिलो, माझीच आहे!”

“टायर काढले तेबी धक्क्याच्या शोभेसाठीच ना जी,” चंद्रशेखर भारावून म्हणाला. “अध्यक्ष साहेबांच्या विनंतीवरून हेमराजले माफ करावं, असा सुधारित प्रस्ताव मांडतो.”

“माफ? त्याले? कायले?”

“किती साधे आहेत पाहा,” म्हातारा म्हणाला, आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या शालीकरामजींनी जन्मभर मनातल्या मनात मागितल्या होत्या. आज त्या थोबाडात बसल्यासारख्या वाजत होत्या. हेमराजचं काम राहिलं, पण माफी मिळाल्यामुळे राहिलं. गावात खरं जाणणारा आता एकच माणूस उरला होता. सुलोचनाबाईंना धरून दोन. पण सुलोचनाबाईंच्या घरी जायची त्यांची छाती नव्हती.

ते तसेच हेमराजच्या घराकडे निघाले. वाटेत त्यांनी भाषण जुळवलं. लांबलचक होतं, त्यात मनुष्यजातीचा उल्लेख दोनदा येत होता.

ओसरीवर जाळी टांगलेली होती, कोणी हात न लावलेली. हेमराज खाटेवर बसला होता. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, दुसरा सदऱ्याखाली पोटाशी दाबून धरलेला. त्यानं शालीकरामजींना पाहिलं. उठला नाही.

आजवर ते कधीही दिसले की हेमराज उभा राहायचा. तोंडात घास असला तरी उभा राहायचा. आज त्यानं नुसतं पाहिलं आणि मान खाली घातली. बरोबर आहे, शालीकरामजींना वाटलं. असंच पाहिजे आपल्याला. त्यांनी बसायला काही मागितलं नाही, ओसरीच्या पायरीखालीच उभे राहिले.

“हेमराज, मी माफी मागायला आलो गा.”

हेमराज थोडा सरकला, पुन्हा घट्ट बसला.

“समितीनं तुला माफ केलं म्हणे. ऐकून लाज वाटली मला. तुझा हात माझ्या हौशीपायी गेला. त्या दिवशी इवायांसमोर तुझ्यावर ओरडलो, तू ‘हो काकाजी’ म्हणालास. ते ‘हो’ माझ्या कानातून निघत नाही.” भाषणातली मनुष्यजात कुठे गेली ते त्यांना कळलंच नाही. “माझं तोंड पाहावंसं वाटत नसेल तुला. नको पाहू. उठू नकोस. माझ्यासाठी पुन्हा कधीच उठू नकोस.”

त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि खाटेच्या कडेवर ठेवली. “ही तुझ्याकडे राहू दे. मी पट्टी ओलांडली तर वाजव. सगळ्या गावासमोर वाजव.”

हेमराजचा चेहरा लाल झाला होता. त्यानं शिट्टीकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग पुन्हा जमिनीकडे. कपाळावर घाम होता.

“बोल ना बापा काहीतरी,” शालीकरामजींचा आवाज फाटला. “शिव्या दे. पण असा बसून नको राहू.”

“काकाजी,” हेमराज कष्टानं म्हणाला, “शिव्या मंग देतो. घरवाली धान कापायले गेली, सांजेशिवाय येत नाही. कवाचा असाच धरून बसून आहो. मायी पायजम्याची नाडी तेवढी बांधून द्या ना. एका हातानं गाठ बसत नाही.”